घरातील शुद्ध हवा आणि कुंडीतील झाडे

केळवे हे पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील वाड्यांचे गाव आहे. नारळी-पोफळीची सावली, तिच्या आश्रयाने वाढणाऱ्या पानवेली, भाजीपाल्याचे वाफे आणि किनाऱ्यालगत सुरूची रांग अशी या गावाची ओळख आहे. झाडे लावणे व जगविणे ही कला येथील शेतकऱ्यास नव्याने शिकवावी लागत नाही. अलीकडे मात्र झाडांविषयी एक नवा विचार शहरांतून खेड्यांत येऊ लागला आहे. घरात अमुक जातीच्या चार कुंड्या ठेवल्या म्हणजे घरातील हवा आपोआप शुद्ध होते, असे सांगितले जाते. रोपे विकणारे तसे सांगतात, वर्तमानपत्रांत तसे छापून येते आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस तशी विचारणाही होते. या म्हणण्यात तथ्य किती, घरातील हवा वस्तुतः कशाने बिघडते आणि ती सुधारण्यासाठी केळवे परिसरातील कुटुंबास काय करता येईल, याचा विचार येथे केला आहे.

या समजाचा उगम

अंतराळयानाच्या बंद जागेत माणसे दीर्घकाळ राहू लागली, तेव्हा तेथील हवेत प्लॅस्टिक, रंग, गोंद इत्यादींतून निघणाऱ्या अनेक वायुरूप द्रव्यांचा साठा होतो, असे आढळून आले. यावर उपाय शोधण्यासाठी अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळसंस्थेत बी. सी. वूल्व्हर्टन या शास्त्रज्ञाने प्रयोग केले. त्यांचा अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला. लहानशा हवाबंद पेटीत कुंडी ठेवून त्या पेटीत बेन्झीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी द्रव्ये सोडली असता काही तासांत त्यांचे प्रमाण घटले, असे त्या प्रयोगांत दिसले. या कामी केवळ पानेच नव्हेत, तर मुळांभोवतीच्या मातीतील सूक्ष्म जीवही उपयोगी पडतात, असेही आढळले. शुद्धीकरण अधिक व्हावे म्हणून काही कुंड्यांत कोळशाचा थर घालून पंख्याच्या साहाय्याने हवा मुळांतून खेळविण्यात आली होती.

हे प्रयोग खरे होते. परंतु त्यांवरून जो निष्कर्ष लोकांत पसरला तो खरा नव्हता. हवाबंद पेटी आणि राहते घर या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. घरास दारे, खिडक्या, कौलांतील फटी असतात. त्यांतून हवा सतत ये-जा करीत असते. ही ये-जा कुंडीतील झाडापेक्षा कितीतरी वेगाने घरातील दूषित हवा बाहेर नेते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज व वेअरिंग या संशोधकांनी पूर्वीच्या १२ अभ्यासांतील १९६ प्रयोगांचे आकडे एकत्र करून त्यांची फेरतपासणी केली व ती २०१९ साली प्रसिद्ध केली. इमारतीत एरवी होणाऱ्या हवेच्या ये-जा इतका परिणाम साधावयाचा असेल, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे ठेवावी लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला.

हा हिशेब केळव्यातील एखाद्या घरास लावून पाहावा. १० फूट रुंद व १२ फूट लांब अशा खोलीचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस मीटर भरते. म्हणजे तेथे कमीत कमी ११० कुंड्या ठेवाव्या लागतील. इतक्या कुंड्या ठेवल्यावर त्या खोलीत माणसास राहावयास जागा उरणार नाही. एक खिडकी उघडल्याने मात्र तेच काम विनामूल्य होते.

प्राणवायूसंबंधी गैरसमज

वनस्पती प्रकाशात कर्बवायू घेतात व प्राणवायू सोडतात, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. त्यावरून घरातील कुंडी घरच्या माणसांस प्राणवायू पुरविते, अशी समजूत होते. येथे प्रश्न प्रमाणाचा आहे. एक प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे एक किलो कर्बवायू श्वासावाटे बाहेर टाकतो. घरातील अंधुक उजेडात एक चौरस मीटर पाने दिवसभरात फार तर काही ग्रॅम कर्बवायू शोषून घेतात. म्हणजे एका माणसाची भरपाई करण्यास शंभर चौरस मीटरहूनही पुष्कळ अधिक पाने लागतील. शेतात उन्हात वाढणाऱ्या पिकाचे काम कोपऱ्यातील कुंडीकडून होईल, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे.

‘स्नेक प्लँट’ या नावाने विकले जाणारे तलवारीसारख्या पानांचे झाड रात्री प्राणवायू सोडते, असेही सांगतात. हे झाड मूळचे कोरड्या प्रदेशातील. पाणी वाचविण्यासाठी ते आपली पर्णरंध्रे रात्री उघडते व त्या वेळी कर्बवायू आत घेऊन साठविते, हे खरे आहे. परंतु प्राणवायू निर्माण होण्यास प्रकाश लागतोच. तो दिवसाच निर्माण होतो. तुळशीविषयीचा असाच समजही याच कारणाने टिकत नाही. अंगणातील वृंदावनाचे घरात जे स्थान आहे, त्यास अशा आधाराची गरजही नाही.

याच्या उलट, रात्री झाडे कर्बवायू सोडतात म्हणून निजावयाच्या खोलीत झाड ठेवणे घातक असते, ही भीतीही निराधार आहे. एक कुंडी रात्रभरात जेवढा कर्बवायू सोडते, तो शेजारी निजलेल्या माणसाच्या श्वासाच्या मानाने अत्यल्प असतो. तात्पर्य, कुंडीपासून हवेस फारसा लाभ नाही व फारशी हानीही नाही.

घरातील हवा कशाने बिघडते

खेड्यातील घरात हवा बिघडविणारे सर्वांत मोठे कारण म्हणजे चुलीचा धूर होय. लाकूड, नारळाच्या झावळ्या, पोय, करवंट्या, गोवऱ्या ही जळणे पूर्णपणे जळत नाहीत. त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो आणि डोळ्यांस न दिसणारे अतिसूक्ष्म कण असतात. हे कण फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात. चुलीजवळ अधिक वेळ असणाऱ्या स्त्रिया व त्यांच्या कडेवरील मुले यांस त्याचा सर्वाधिक त्रास होतो. मुलांस फुप्फुसदाह, मोठ्यांस दीर्घकालीन दमकोंडी व हृदयविकार हे त्याचे परिणाम आहेत. घरातील अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात चोवीस तासांच्या सरासरीने अशा सूक्ष्म कणांचे प्रमाण हवेच्या एका घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे मानक २००९ साली ठरविण्यात आले. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असता हे प्रमाण सहज कित्येक शेकड्यांवर जाते. मनीप्लँटच्या वेलास या धुरापुढे काहीही करता येत नाही. त्याची पाने तेवढी काळवंडतात.

दुसरे कारण म्हणजे डास पळविण्यासाठी जाळण्यात येणारी कॉइल. वाडीच्या गावात पाणी व सावली असल्याने डास असणारच. परंतु बंद खोलीत एक कॉइल रात्रभर जाळली असता तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातील कणांइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. ज्या घरात कोणी विडीही ओढीत नाही, त्या घरातील मुलाच्या छातीत हा धूर जातो.

तिसरे कारण वाडीवाल्याच्या घरास विशेष लागू आहे. पानवेल, भाजीपाला व फळझाडांसाठी आणलेली कीटकनाशके पुष्कळदा माळ्यावर, पलंगाखाली किंवा पडवीतील फडताळात ठेवलेली आढळतात. अर्धवट वापरलेल्या बाटल्यांची झाकणे घट्ट बसत नाहीत व त्यांची वाफ घरात पसरत राहते. औषधांचा वास येतो, तेथे औषधही असते, हे ध्यानात ठेवावे.

चौथे कारण नव्या पद्धतीच्या घरांत दिसते. कौलारू व कुडाच्या घरांत हवा आपसुक खेळत असे. सिमेंटच्या स्लॅबच्या घरांत सरकत्या काचा बंद केल्या की हवा कोंडते. नवा रंग, प्लायवूड, गोंद यांतून निघणारी द्रव्ये व पावसाळ्यातील ओल अशा घरात साठून राहते.

खारा वारा व मतलई वारा

किनाऱ्यावरील गावास निसर्गाने हवा शुद्ध करण्याचे एक साधन फुकट दिले आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, त्यामुळे समुद्राकडून जमिनीकडे, म्हणजे केळव्यात पश्चिमेकडून, खारा वारा वाहतो. रात्री जमीन लवकर निवते व वारा उलटून जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हाच मतलई वारा. ज्या खोलीस पूर्व व पश्चिम अशा दोन्ही बाजूंस खिडक्या किंवा झरोके आहेत, तेथे दिवसा व रात्री दोन्ही वेळा हवा खेळते. एकाच बाजूस खिडकी असल्यास वारा आत शिरतो, पण त्यास बाहेर पडण्यास वाट मिळत नाही. म्हणून नवे घर बांधताना समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात. जुन्या घरात समोरच्या भिंतीत वरच्या बाजूस निदान एक झरोका पाडून घ्यावा. पश्चिमेकडून येणाऱ्या पावसासाठी त्यावर छज्जा असावा, म्हणजे पावसाळ्यातही तो बंद करावा लागणार नाही.

स्वयंपाकघराची जागा ठरवितानाही वाऱ्याचा विचार करावा. स्वयंपाकघर घराच्या पूर्वेस असल्यास दिवसाचा धूर घराबाहेर जातो. तथापि पहाटेचा चहा व न्याहारी मतलई वाऱ्याच्या वेळी होते आणि तेव्हा तोच धूर निजलेल्या मुलांच्या खोलीकडे वळतो. म्हणून केवळ जागेवर विसंबून न राहता चुलीस धुराडे असणे अवश्य आहे.

धुराचा बंदोबस्त

ज्या घरात गॅस आहे, तेथे सर्व स्वयंपाक गॅसवर करणे हा सर्वांत चांगला उपाय होय. गरीब कुटुंबांतील स्त्रियांस गॅसजोडणी देणारी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. परंतु गॅसची टाकी घरी असूनही पाणी तापविणे, भाकरी भाजणे, जनावरांचे आंबोण शिजविणे यांसाठी चूल चालू राहते. जळण वाडीतच मिळत असल्याने तसे होणे स्वाभाविक आहे. अशा घरांत निदान पाण्याची चूल घराबाहेर पडवीच्या कडेला, मोकळ्या हवेत न्यावी.

जेथे चूल घरातच ठेवणे भाग आहे, तेथे धुराड्याची सुधारलेली चूल बसवावी. हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी तयार केलेली ‘मगन चूल’ याच हेतूने प्रसारात आली होती. पुढे १९८३ पासून केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला. या अनुभवांतून शिकण्यासारखी गोष्ट अशी की, चूल बसविली तरी धुराडे साफ न केल्यास काही महिन्यांत ते काजळीने तुंबते आणि मग धूर पूर्ववत घरात पसरतो. म्हणून धुराड्याचे टोक छपराच्या आढ्यापेक्षा निदान दोन फूट उंच न्यावे, गवती किंवा झावळ्यांच्या छपरास ते भिडू देऊ नये आणि महिन्यातून एकदा काजळी काढावी. जळण पूर्ण वाळवून, बारीक फोडून वापरावे. ओले जळण दुप्पट धूर करते व निम्मी आच देते, हा अनुभव प्रत्येक गृहिणीस आहे.

डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरावी व खिडक्यांस जाळी बसवावी. कीटकनाशके राहत्या घरात मुळीच ठेवू नयेत. वाडीतील पंपाच्या खोलीत, मुलांच्या हातास न लागेल अशा उंचीवर, कुलूप लावलेल्या पेटीत ठेवावीत. फवारणीचे कपडे घरात न आणता बाहेरच धुवावेत.

बोईसर-तारापूरच्या बाजूस

केळव्याच्या उत्तरेस बोईसर-तारापूरचे औद्योगिक क्षेत्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली काढलेल्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनिशी देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत वर होते. तेथे कामास जाणारी व चाळींत राहणारी कुटुंबे खिडक्या बंद करून घरात कुंड्या ठेवतात. त्यांची अडचण खरी आहे, कारण उघड्या खिडकीतून कारखान्याचा वास आत येतो. तरीही खिडकी कायमची बंद ठेवल्यास स्वयंपाकाचा धूर व माणसांचा श्वास आतच राहतो. वास येत असेल तेवढा वेळ खिडकी लावावी, वारा फिरताच उघडावी. वासाचा दिवस, वेळ व वाऱ्याची दिशा वहीत टिपून ठेवून त्यासह प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. बाहेरची हवा बिघडविणाऱ्याने ती सुधारावयाची असते. तिचा भार घरातील कुंडीवर टाकता येत नाही.

झाडांचा हवेसाठी खरा उपयोग घराबाहेर होतो. रस्त्याच्या व घराच्या मध्ये करंज, कडुनिंब यांसारख्या दाट पानांच्या झाडांची रांग असल्यास धूळ पानांवर बसते व पावसाने धुऊन जाते. किनाऱ्यावरील सुरूची रांग वाळू व खारे तुषार अडविते, हे केळव्यात प्रत्यक्ष दिसते. पश्चिमेच्या भिंतीवर झाडाची सावली असली म्हणजे घर थंड राहते व दुपारी खिडक्या बंद कराव्या लागत नाहीत. हा लाभ थोडा नव्हे.

घरातील झाडांची निगा

एवढ्यावरून घरात झाडे लावूच नयेत, असे समजू नये. हिरवे पान पाहून मन प्रसन्न होते. आजारी व वृद्ध माणसांस झाडांच्या निगेत विरंगुळा मिळतो. मुलांस रोप वाढताना पाहावयास मिळते. या कारणांसाठी झाडे अवश्य लावावीत. त्यांची निगा पुढीलप्रमाणे ठेवावी.

१. कुंडीसाठी दोन भाग गाळाची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा असे मिश्रण घ्यावे. कुंडीच्या बुडास भोक असावे. न कुजलेले शेण घरातील कुंडीत घालू नये.

२. पाणी बोटाने माती चाचपून, वरची माती सुकल्यावरच द्यावे. केळव्याच्या हवेत मूळचाच दमटपणा आहे. पानांतून बाहेर पडणारी वाफ त्यात भर घालते. सतत ओली माती व बंद खोली असल्यास भिंतीस बुरशी येते आणि दम्याच्या रोग्यास त्रास होतो. म्हणून पावसाळ्यात कुंड्या पडवीत काढाव्यात.

३. कुंडीखालील ताटलीतील पाणी साठू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. ताटली आठवड्यातून एकदा तरी घासून कोरडी करावी. पाण्याच्या बाटलीत लावलेल्या वेलाचे पाणीही त्याच दिवशी बदलावे.

४. पानांवरील धूळ ओल्या फडक्याने पुसावी. घरातील झाडांवर कीटकनाशक फवारू नये. पिठ्या ढेकूण दिसल्यास कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा किंवा झाड बाहेर न्यावे.

५. मनीप्लँटचे पान पानवेलीच्या पानासारखे दिसते. परंतु पानवेल मिरीच्या कुळातील आहे, तर मनीप्लँट अळूच्या कुळातील. तो चघळल्यास खाजऱ्या अळूप्रमाणे तोंड व घसा सुजतो. डायफेनबाकिया हे ठिपक्यांच्या पानांचे झाडही तसेच. लहान मुले व शेळ्या यांपासून ही झाडे दूर ठेवावीत. खिडकीत वेलच लावावयाचा असल्यास वाडीतील पानवेलीचे छाट कुंडीत लावावे. त्यास मंद प्रकाश व सावली मानवते आणि पानही उपयोगी पडते.

रोपे विकणाऱ्यांसाठी

नारळी-पोफळीच्या सावलीत शोभेची रोपे चांगली वाढतात आणि पश्चिम रेल्वेमुळे मुंबईची बाजारपेठ जवळ आहे. म्हणून ज्यांस वाडीत लहान रोपवाटिका करावयाची आहे, त्यांस हा धंदा जोडधंदा म्हणून करता येईल. मनीप्लँट छाटांपासून, स्नेक प्लँट पानांच्या तुकड्यांपासून किंवा गड्डे फोडून, तर ‘अरेका पाम’ बियांपासून किंवा फुटवे वेगळे करून वाढविता येतो. हा शोभेचा पाम मूळचा मादागास्करचा आहे. नाव सारखे असले तरी तो आपली पोफळ नव्हे, हे ग्राहकास सांगावे. रोप विकताना ‘हवा शुद्ध करणारे’ अशी चिठ्ठी लावू नये. दम्याने आजारी मुलाची आई ती चिठ्ठी वाचून रोप नेते व खिडकी बंदच ठेवते. त्यात मुलाचे नुकसान होते आणि पुढे वाडीच्या नावावरील विश्वासही जातो. सावलीत वाढणारे, निरोगी, कमी निगेत टिकणारे रोप, एवढे सांगणे पुरेसे आहे व ते खरे आहे.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळाच्या बैठकीत दोन सोपी प्रात्यक्षिके करून दाखवावीत. पहिल्यात खोलीच्या मध्यभागी उदबत्ती लावून दारे-खिडक्या बंद कराव्यात व धूर कसा तरंगत राहतो ते पाहावे. नंतर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून तोच धूर कोणत्या दिशेने व किती लवकर निघून जातो ते पाहावे. वारा कोठून येतो व कोठे अडतो, हे घरच्या माणसांस त्यावरून आपोआप कळते. दुसऱ्यात चुलीपासून हाताच्या अंतरावर पांढऱ्या कापडाचे दोन तुकडे टांगावेत व त्यांपैकी एकाशेजारी कुंडी ठेवावी. आठ दिवसांनी दोन्ही तुकडे सर्वांसमोर मांडावेत. नंतर चूल बाहेर नेऊन किंवा धुराडे बसवून नवे कापड टांगावे व आठ दिवसांनी पुन्हा पाहावे. कापडाचा रंग पाहिल्यावर अधिक व्याख्यानाची गरज उरणार नाही.

घरातील हवा सुधारण्याची कामे कोणत्या क्रमाने करावीत, हे कार्यकर्त्यांनी प्रत्येक कुटुंबास सांगावे. प्रथम धूर बंद करावा किंवा घराबाहेर काढावा. नंतर वाऱ्यास येण्यास व जाण्यास वाट द्यावी. औषधे घरातून हलवावीत. घराभोवती झाडे लावावीत. हे सर्व झाल्यावर हौसेने खिडकीत कुंडी ठेवावी. त्या कुंडीतील पाने काजळीने न माखता हिरवी राहिली, तर तेथील माणसांची हवाही चांगली आहे, असे समजण्यास हरकत नाही.